रिठ्याचा फेस आणि पेशीचा पडदा

(ऊस विकास विभागाकडून)



गटवार मेळाव्यांच्या निमित्ताने आम्ही गावोगाव हिंडतो तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो. लोकरी मावा असो, पिठ्या ढेकूण असो की हुमणी असो, हल्ली पुष्कळ सभासद घरच्या घरी अर्क करून वापरू लागले आहेत. कोणी रिठा उकळतो, कोणी मोहाची पेंड पिंपात भिजत घालतो, कोणी ओवा वाटून घेतो. खर्चाची बचत होते म्हणून हे चांगलेच आहे. मात्र आम्ही प्रमाण विचारले, की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : "साहेब, झाडपाल्याचंच आहे की! त्याला कसलं आलंय प्रमाण? त्यानं अपाय तो काय व्हायचा?"

या एका समजुतीपायी मागे आपल्या भागात मासे मेले, आणि त्यावरून भाऊबंदकीही पेटता पेटता राहिली. ती हकीकत पुढे येईलच. आधी मुळाचा प्रश्न पाहू. झाडपाल्यातला अर्क किडीवर, माशावर, बुरशीवर चालतो म्हणजे नेमका कशावर चालतो? रिठा व मोह यांच्यापुरते उत्तर थोडक्यात असे आहे, की तो पेशीच्या पडद्यावर चालतो. हा पडदा काय चीज आहे हे आपल्या उसावरूनच समजून घेऊ.

ऊस सोलून त्याचे करवे केले आणि थंड पाण्यात रात्रभर ठेवले, तर सकाळी पाणी जरासे गोड लागते. पण करवा तोंडात घालून चावला तर गोडी आतच शाबूत असते. साखर तर पाण्यात विरघळणारी, मग रात्रभरात ती बाहेर का आली नाही? कारण उसाचा गाभा म्हणजे असंख्य बारीक पेशी, आणि प्रत्येक पेशीत रसाची एक पिशवी. बहुतेक साखर या पिशवीत असते. पिशवीला एक पडदा, तिच्याबाहेर पेशीच्या अंगाला दुसरा पडदा. हे पडदे जिवंत आणि धड आहेत तोवर पाणी आतबाहेर करते, साखर सहसा करीत नाही. विळ्याने जेवढ्या पेशी कापल्या गेल्या तेवढ्यांचीच साखर पाण्यात उतरते. आपल्या मिलचे रोलर एवढा दाब देऊन करतात काय, तर या पेशी फोडतात. युरोपात बिटापासून साखर काढतात, तिथे रोलर नसतात. बिटाचे पातळ काप करून ते सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्या उष्णतेने पडदे निकामी होतात आणि साखर आपोआप पाण्यात झिरपते.

हे घरात मुलांनाही दाखवता येते. लाल बिटाचे तुकडे कापून, वाहत्या पाण्यात चांगले धुऊन, एक वाटी थंड पाण्यात आणि एक वाटी कढत पाण्यात टाका. थंड पाणी बराच वेळ जवळजवळ स्वच्छ राहील, कढत पाणी बघता बघता लालभडक होईल. बिटाचा रंगही अशाच पिशवीत कोंडलेला असतो.

आता हा पडदा कशाचा? इथे एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. हॉलंडमधील लायडन येथे गोर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी १९२५ साली माणसाचे, शेळीचे, मेंढीचे, कुत्र्याचे असे निरनिराळे रक्त घेतले. त्यातल्या तांबड्या पेशी वेगळ्या करून त्यांच्यातली चरबी (आपण स्निग्ध द्रव्य म्हणू) काढली आणि पाण्यावर पसरली. पाण्यावर तेलाचा थेंब टाकला की त्याचा पातळ तवंग पसरतो हे आपण ओढ्याकाठी इंजिन बसवताना पाहतोच. त्या तवंगाचे क्षेत्र मोजले, तर ते सगळ्या पेशींच्या पृष्ठभागाच्या बरोबर दुप्पट भरले! म्हणजे पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचे दोन पदर आहेत. गंमत अशी, की त्यांच्या प्रयोगात दोन चुका होत्या हे पुढे ध्यानात आले. चरबी पुरती निघाली नव्हती आणि पेशीचे क्षेत्रही कमी धरले गेले होते. दोन्ही चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतले आणि निष्कर्ष मात्र खरा ठरला. पाणंदीची मोजणी अशी कुणी केली असती तर कोर्टात उभे राहावे लागले असते.

तर असा हा दुपदरी पडदा. स्निग्ध द्रव्याच्या प्रत्येक कणाला एक डोके आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडते, शेपट्यांना नकोसे. म्हणून डोकी बाहेरच्या आणि आतल्या पाण्याकडे, शेपट्या मध्ये एकमेकींत लपलेल्या. हा पडदा इतका पातळ की असे एक लाखाहून अधिक पडदे एकावर एक रचले तर मिलिमीटरभर जाडी व्हावी. तो ताठ नसतो, पातळ तुपासारखा हलता असतो. अगदीच सैल पडू नये म्हणून मध्ये मध्ये आधाराचे कण बसवलेले असतात. त्यांना स्टेरॉल म्हणतात. माणूस, जनावर, मासा, किडा यांच्या पडद्यात जे स्टेरॉल असते त्याचे नाव कोलेस्टेरॉल. डॉक्टर ज्याची भीती घालतात तेच हे. पण पडद्यात ते हवेच, त्याशिवाय पेशी उभी राहत नाही. बुरशीच्या पडद्यात त्याऐवजी एर्गोस्टेरॉल, आणि झाडांच्या पडद्यात त्यांची स्वतःची स्टेरॉले. बहुतेक जीवाणूंच्या पडद्यात मात्र स्टेरॉल नसतेच. ही शेवटची गोष्ट सभासदांनी लक्षात ठेवावी, पुढे कामाला येणार आहे.

आता रिठ्याकडे वळू. रिठ्याच्या सालीत दहा टक्क्यांच्या आसपास सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. मोहाच्या पेंडीत ते चार ते सहा टक्के असते. शिकेकाईत आहे, हिंगणबेटात आहे, गेळाच्या फळात आहे. यांपैकी काहीही पाण्यात घुसळले तर फेस येतो आणि तो बराच वेळ टिकतो. सॅपोनिनच्या कणाची घडण मोठी मजेदार आहे. एक बाजू स्निग्ध, तेलात रमणारी. दुसऱ्या बाजूला साखरेच्या कणांची माळ, पाण्यात रमणारी. होय, साखरच, आपल्या पोत्यातली नव्हे, पण तिच्याच जातकुळीची. अशा दुतोंडी कणामुळेच रिठा मळ काढतो : एका तोंडाने तेलकट मळ धरतो, दुसऱ्याने पाणी. उसाच्या पातीवर मेणाचा थर असल्याने फवाऱ्याचे थेंब घरंगळून जातात, ते रिठ्याचे पाणी मिसळले की पसरून बसतात. दुकानातले स्टिकर हेच काम करते.

इथपर्यंत रिठा आणि साबण यांत फारसा फरक नाही. फरक पुढे आहे. सॅपोनिनची स्निग्ध बाजू पडद्यातल्या स्टेरॉलला जाऊन चिकटते. एक चिकटला, दुसरा चिकटला, असे करता करता स्टेरॉल व सॅपोनिन यांचे पुंजके होतात आणि आधार एका जागी गोळा झाल्याने पडद्याला भोके पडतात. इंग्लंडमध्ये बँगहॅम व हॉर्न या शास्त्रज्ञांनी १९६२ साली सॅपोनिन लावलेले पडदे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर मोहोळाच्या पोळीसारखी षट्कोनी नक्षी आणि जागोजाग खळगे दिसले. तांबड्या रक्तपेशीला अशी भोके पडली की बाहेरचे पाणी आत शिरते, पेशी फुगते आणि फुटते. आतला तांबडा रंग बाहेर सांडतो.

एवढे समजले की पुढच्या सगळ्या गोष्टींचा उलगडा होतो. सॅपोनिन कोणाला मारील आणि कोणाला सोडील, हे तीन गोष्टींवर ठरते : समोरच्या पडद्यात स्टेरॉल आहे का, सॅपोनिन त्या पडद्यापर्यंत पोचते का, आणि किती पोचते. ते झाडाचे आहे की कारखान्यातले, याला पडद्याच्या लेखी काही अर्थ नाही.

मासा घ्या. माशाचे कल्ले म्हणजे पाणी आणि रक्त यांच्यामधली अगदी नाजूक भिंत. श्वासासाठी मासा सारखे पाणी कल्ल्यांवरून घेतो. त्या पाण्यात सॅपोनिन असले की कल्ल्यांची नासाडी होते, तांबड्या पेशी फुटतात, आणि पाण्यात हवा असूनही मासा गुदमरतो. पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतो आणि उलटा होतो. सातपुड्यात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात डोहात फळे ठेचून टाकून मासे धरण्याची रीत जुनी आहे, ती याच गुणावर. तेच मासे खाऊन माणसाला काही होत नाही, कारण आपल्या आतड्यातून सॅपोनिन रक्तात फारसे शिरत नाही. हरभरा, सोयाबीन यांतही थोडे सॅपोनिन असते आणि आपण ते रोज खातो. रक्तापर्यंत पोचण्याची वाट माशाला उघडी आहे, आपल्याला बंद आहे, एवढाच फरक. कोळंबीच्या रक्तात तर तांबड्या पेशीच नसतात. म्हणून कोळंबीच्या तळ्यात घुसलेले मासे काढायला चहाच्या बियांची पेंड टाकतात : मासे मरतात, कोळंबी राहते.

मत्स्यशेतीत मोहाची पेंड मुद्दाम वापरतात. रोहू-कटल्याची बोटुकली सोडण्यापूर्वी तळ्यातले नको असलेले मासे मारण्यासाठी दर घनमीटर पाण्यास २५० ग्रॅमच्या आसपास पेंड घालण्याची शिफारस आहे. विषारीपणा दोन-तीन आठवडे टिकतो, मग कुजून तिचे खत होते आणि त्यानंतर बी सोडतात. आता हा हिशेब आपल्या शेततळ्याला लावा. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल, उताराच्या कडांचे तळे भरले असता त्यात २,२०० घनमीटरच्या आसपास पाणी मावते. त्याला साडेपाच क्विंटल पेंड लागेल. परंतु उन्हाळ्यात तळाशी मीटरभरच पाणी राहते तेव्हा ते ६२५ घनमीटरच्या आसपास असते. म्हणजे १५६ किलो, पन्नास किलोची तीन पोती!

तीन पोती हा आकडा आम्ही उगाच काढलेला नाही. आपल्या एका सभासदाने हुमणीला आळा बसेल या आशेने आणि खत म्हणून तीन पोती मोहाची पेंड शेततळ्याच्या वरच्या अंगाला हौदात भिजत घातली होती. वळवाचा पाऊस झाला. हौद भरून वाहिला आणि फेसाळ पाणी सरळ तळ्यात उतरले. सकाळी बोटुकली पांढरी होऊन तरंगत होती. पेंडीतले सगळे सॅपोनिन काही तळ्यात गेले नसणार, पण लहान जीव, तळ्यात पाणी कमी, त्याला पुरी मात्रा कशाला लागते? सभासदाचा संशय गेला तो शेजारच्या भावकीवर. "रात्रीत कुणीतरी औषध टाकलं" म्हणून चौकीवर जाण्याची तयारी झाली होती. आमच्या ओव्हरसीअरने हौदाकाठचा वाळलेला फेस दाखवला, तेव्हा प्रकरण मिटले. मासे गेले ते गेलेच. दोन घरांत आज बोलणे आहे ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

मोहाच्या पेंडीविषयी आणखी एक माहिती अशी, की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही पेंड हिंदुस्थानातून बोटीने विलायतेला जात असे. कशासाठी? तर गोल्फच्या हिरवळीवर गांडुळे मातीचे ढीग करतात आणि चेंडू अडतो, म्हणून. पेंड पसरून पाणी दिले की गांडुळे वर येऊन मरत. साहेबाला गांडूळ नको होते. आपल्याला मात्र ते हवे आहे. गांडूळखतावर एका बाजूने पैसा खर्च करायचा आणि दुसऱ्या बाजूने कच्ची मोहाची पेंड सरीत ओतायची, हे गणित आम्हांस पटत नाही. पेंड वापरायचीच तर आधी शेणखतात मिसळून, ओली करून, महिनाभर कुजवावी आणि मगच द्यावी. कुजताना सॅपोनिन मोडते, खताचा गुण राहतो. शेंगदाणा पेंडीसारखी ती गोठ्यातही टाकू नये. जनावराच्या खाद्यात ती घालायची तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच.

बुरशीची गोष्ट आपल्या उसाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. बुरशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल असते असे वर सांगितले. म्हणजे सॅपोनिन बुरशीलाही मारक. खरे तर झाडांनी हे द्रव्य बहुतांशी याचसाठी बाळगलेले असते. ओट नावाचे थंड देशातले धान्य आहे. त्याच्या मुळात ॲव्हेनासिन नावाचे सॅपोनिन असते, म्हणून गव्हाची मुळे कुजवणारी एक बुरशी ओटच्या वाटेला जात नाही. पण त्याच बुरशीची एक जात ओटलाही धरते. कशी? ती ॲव्हेनासिनच्या माळेतली साखर तोडते. साखर तुटली की सॅपोनिनचे दात पडले! इंग्लंडमधील नॉरिच येथे १९९५ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी बुरशीचा हा साखर तोडण्याचा गुण काढून टाकून पाहिला, तर ती ओटला धरेनाशी झाली. उलट ज्या ओटमध्ये हे सॅपोनिन बनतच नव्हते ती झाडे १९९९ साली तपासली, तर ती रोगांना सहज बळी पडली. दोन्ही बाजूंनी पुरावा मिळाला.

मग झाडाच्या स्वतःच्या पडद्यातही स्टेरॉल आहे, ते झाड कसे मरत नाही, असा प्रश्न कोणी विचारील. विचारलाच पाहिजे. झाड हे द्रव्य त्या रसाच्या पिशवीत कोंडून ठेवते. पेशी फुटली, कीड चावली, बुरशी घुसली, की मगच ते बाहेर येते. घरातली बंदूक पेटीत असते तसे. हिरव्या पडलेल्या बटाट्यात सोलॅनिन असते तेही याच घराण्यातले, पडद्यातल्या स्टेरॉललाच धरणारे. उकडून ते जात नाही. असे बटाटे भाजीत घालू नयेत, हे जाता जाता माताभगिनींसाठी.

आता मुद्द्यावर येऊ. हुमणीसाठी आपण मेटारायझियम वापरतो, रोपमळ्यात आणि बेणेप्रक्रियेत ट्रायकोडर्मा वापरतो. ह्या दोन्ही बुरशीच आहेत, मित्रबुरशी झाल्या म्हणून त्यांचा पडदा वेगळा नाही. ट्रायकोडर्मा तर सॅपोनिनला इतकी हळवी आहे, की लसूणघासात सॅपोनिन किती आहे हे मोजायला शास्त्रज्ञ तिचाच उपयोग करीत आले : अर्क घातला की तिची वाढ किती खुंटते ते पाहायचे. आणि आपले काही सभासद ट्रायकोडर्माच्या पाण्यात "चिकटायला बरं" म्हणून रिठा कालवतात! पैसे देऊन मित्र आणायचा आणि पिंपातच त्याचा गळा आवळायचा, असला हा प्रकार. दोन्ही एका पिंपात मिसळू नयेत. एका पंपातून मारायचेच झाले तर मध्ये पंप स्वच्छ धुवावा. ॲझोटोबॅक्टर, ॲसिटोबॅक्टर हे जीवाणू आहेत, त्यांच्या पडद्यात कोलेस्टेरॉल वा एर्गोस्टेरॉल नाही. त्यांना रिठ्याचे तेवढे भय नाही, तरी जिवंत खताच्या पिंपात दुसरे काही न घालणे हाच चांगला नियम.

लोकरी माव्याचेही तसेच आहे. जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात हा मावा आपल्या राज्यात प्रथम दिसला आणि पुढे काय हाहाकार उडाला तो जुन्या सभासदांना आठवत असेल. त्याला खरा आळा घातला तो डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी. रिठ्याचे किंवा साबणाचे पाणी माव्याच्या अंगावरचे पांढरे लोकर-मेण भिजवते आणि कातडीशी भिडते, हे खरे. पण मऊ अंगाच्या किड्याला ते भिडताना हा मावा आणि ही डिफाची अळी असा भेद करीत नाही. पातीच्या खालच्या बाजूस डिफाच्या अळ्या किंवा मायक्रोमस दिसत असतील तर त्या फडात काहीही फवारू नये, झाडपाल्याचेही नाही. आधी पात उलटून पाहावी, मग पंप पाठीवर घ्यावा.

आणि उसाच्या स्वतःच्या पातीचे काय? तिच्याही पेशींना पडदा आहे. वरचा मेणाचा थर तिला सांभाळतो, पण घट्ट काढा भर उन्हात मारला तर पाणी उडून जाते आणि द्रावण आणखी घट्ट होते. पोंग्यात तर ते साठूनच राहते, आणि पोंग्यातली कोवळी पात म्हणजे सगळ्यांत नाजूक भाग. प्रत्येकाचा रिठा निराळा, उकळणे निराळे, म्हणून लिटरला इतका असा एकच आकडा आम्ही देत नाही. नवा काढा केला की तो आधी चार-पाच बेटांवर, ऊन कलल्यावर फवारावा. तीन दिवस थांबावे. पातीच्या कडा करपल्या नाहीत, पोंगा पिवळा पडला नाही, तर मग पुढे जावे. कपडे धुण्याची पावडर रिठ्याला पर्याय म्हणून घालणे मात्र बंद करावे. तिच्यातला सोडा पातीला भाजतो.

झाडपाल्याची सगळीच औषधे अशी पडद्यावर चालतात असे मात्र नव्हे. ओव्यातला थायमॉल पडद्यावरच चालतो, पण त्याची तऱ्हा निराळी : तो स्टेरॉल शोधीत बसत नाही, स्निग्ध पदरात विरघळून पडदाच सैल करतो, आणि म्हणून जीवाणूंवरही चालतो. कडुनिंबाचे मुख्य द्रव्य तर किडीची भूक मारते आणि कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड करते. त्याचा परिणाम दिसायला दिवस लागतात. निंबोळी अर्क मारून दुसऱ्या दिवशी "मावा हलतोय अजून" म्हणून तक्रार करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तीन औषधे, तीन तऱ्हा. "वनस्पतीजन्य" एवढाच शब्द छापलेली आणि आत काय आहे ते न सांगणारी बाटली कोणी दारात घेऊन आला, तर तिचे पैसे देण्याआधी आत काय आहे, किती आहे आणि ते कशावर चालते एवढे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर आले नाही तर चहा पाजून वाटेला लावावे.

सॅपोनिनची एक चांगली बाजू सांगायची राहिली. चिली देशातील किलाया नावाच्या झाडाच्या सालीतले सॅपोनिन लसीत थोडे घातले तर शरीर त्या लसीची जास्त दखल घेते. आपल्या जनावरांच्या लाळ-खुरकूत रोगावरील लसीत सॅपोनिन घालण्याची सुरुवात १९५१ साली अर्जेंटिनात झाली. माणसाच्या बाबतीत अडचण अशी, की सुईने टोचलेले सॅपोनिन पेशी फोडणारच. यावर तोड मोठी नामी निघाली : त्याला आधीच कोलेस्टेरॉल देऊन टाकायचे! लसीतच कोलेस्टेरॉल आणि स्निग्ध द्रव्य घालून सॅपोनिनचे बारीक गोळे करतात. ज्याला धरायचे ते आधीच हातात असल्याने ते आपल्या पेशींच्या वाटेला जात नाही, आणि लसीला जोर देण्याचे काम मात्र करते. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-२१ या हिवतापाच्या लसीत हेच तंत्र आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेतील व इतर देशांतील मुलांसाठी तिची शिफारस केली.

सबब सभासदांना विनंती, की रिठा किंवा मोहाची पेंड भिजवण्याची पिंपे व हौद विहीर, ओढा आणि शेततळे यांपासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला ठेवावेत. पावसाळी दिवसांत त्यांवर झाकण असावे. पंप धुतलेले पाणी पाटात सोडू नये, पडीक जागेत जिरवावे. काढा करताना तो डोळ्यांत उडू देऊ नये. उडालाच तर डोळे भरपूर पाण्याने धुऊन दवाखाना गाठावा. ज्यांनी यंदा मोहाची पेंड आणून ठेवली आहे त्यांनी ती कुजवण्याची पद्धत गट कार्यालयात विचारून घ्यावी. फडात डिफा आहे की नाही याची खात्री नसल्यास माव्याची पात कागदात गुंडाळून, गट नंबर लिहून, सकाळी दहाच्या आत आणून द्यावी. आम्ही ती भिंगाखाली पाहून त्याच दिवशी निरोप देऊ.